लिंबू आधी उडते, लाकूड मागे राहते: उन्हाच्या मुलखात सुगंध पारखताना

सुगंध विकत घेणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. दुकानात मारलेला फवारा लिंबू-संत्र्यासारखा तजेलदार वाटला, घरी आणला तर तासाभरात अंगाला गोडसर, जड, तंबाखूसारखा वास येऊ लागला. बाटली बनावट होती का? की आपल्या अंगाला तो सुगंध ‘बसत’ नाही? बहुतेक वेळा दोन्ही नसते. लिंबूवर्गीय फळे, लाकूड आणि तंबाखू अशा मिश्रणाचा सुगंध मुळात तीन टप्प्यांत उलगडतो, आणि विक्री मात्र पहिल्याच टप्प्यावर होते. म्हणून पैसे देण्याआधी वास पहिल्या मिनिटात कसा आहे हे बघू नका; चार तासांनंतर, तुमच्या त्वचेवर आणि तुमच्या गावच्या हवेत कसा राहतो ते बघा. कलबुर्गी-बीदरच्या हवेत या नियमाला दुप्पट महत्त्व आहे.

उष्णतेने नेमके काय होते

लिंबू, संत्रे, बर्गमोट यांच्या सालीतल्या तेलाचा मुख्य घटक लिमोनीन. त्याचे रेणू हलके, त्यामुळे ते झटकन उडतात. चंदन, देवदार, वाळा यांच्या वासाचे रेणू जड असतात, ते त्वचेवर रेंगाळतात. तंबाखूचा भास देणारे घटक या दोन्हींच्या मधे सुरू होतात आणि लाकडाबरोबर शेवटपर्यंत जातात. ही रचना जगात सगळीकडे सारखीच; हवा बदलली की फक्त तिचा वेग बदलतो. तापमान दहा अंशांनी वाढले की लिमोनीनचा उडण्याचा वेग जवळपास दुप्पट होतो. जड रेणूंचा वेग तर प्रमाणात त्याहूनही जास्त वाढतो, आणि ही गोष्ट सहसा कोणी लक्षात घेत नाही. म्हणजे उन्हात लिंबू लवकर संपते एवढेच नाही, लाकूड आणि तंबाखूही लवकर आणि मोठ्या आवाजात बोलू लागतात. एप्रिल-मेमध्ये कलबुर्गीत पारा 40 अंशांच्या वर जातो. वातानुकूलित दुकानात 24 अंशांना पारखलेला वास बाहेर रिक्षात बसेपर्यंत वेगळा झालेला असतो, यात नवल नाही.

यावर एक आक्षेप येतो: परदेशातले जाणकार तर या प्रकारच्या सुगंधांची वाखाणणी करतात, दहा-दहा तास टिकतो म्हणतात. ते खोटे बोलत नाहीत. लंडन किंवा टोरांटोच्या थंडीत लिंबाचा टप्पा लांबतो, तंबाखूची गोडी उबदार वाटते, जाड कोटाखाली वास दबून राहतो. तिकडच्या नातेवाइकांनी प्रेमाने पाठवलेली बाटली इकडे डोके धरायला लावते ती याचमुळे. परीक्षण वाचा जरूर, पण ते कोणत्या हवेत लिहिले गेले ते आधी बघा.

तंबाखूच्या नावाला बिचकू नका

‘तंबाखू असलेला सुगंध लावला तर लोक म्हणतील, हा खातो किंवा ओढतो’ अशी भीती अनेकांना वाटते. सुगंधातली तंबाखू म्हणजे धूर नव्हे आणि तोंडाचा वासही नव्हे. ती सुकवून मुरवलेल्या पानाची छटा असते: वाळलेला कडबा, मनुका, मध, किंचित चामडे. पान मुरताना त्यातली पिवळी-केशरी रंगद्रव्ये मोडतात आणि त्यांतून जे सुगंधी रेणू तयार होतात, त्यांतले काही गुलाबातही सापडतात. निपाणीसारख्या तंबाखूच्या बाजारपेठेत वखारीजवळून गेलेल्यांना हा कोरडा गोडवा ओळखीचा असेल. जर्द्याच्या डबीतून येणारा वास मात्र वेगळा. त्यात पानापेक्षा वरून घातलेले केवडा, गुलाब, केशर यांचेच काम जास्त असते. कनौजच्या अत्तरांचा एक मोठा ग्राहक जर्दा आणि पानमसाल्याचा धंदा आहे तो उगाच नाही.

बाटलीत खरी तंबाखू असते का? पुष्कळदा नसते. कुमारीन नावाचे द्रव्य, व्हॅनिला, मधासारखे काही घटक यांच्या मेळातून तो भास उभा केला जातो. कुमारीन टोंका नावाच्या बीमध्ये निसर्गतः असते आणि 1868 मध्ये विल्यम पर्किन यांनी ते प्रयोगशाळेत तयार केले. तेव्हापासून ते सुगंधव्यवसायाचे रोजचे द्रव्य झाले. पानाचा खरा अर्क वापरला तरी तो निकोटिन काढून, अगदी थोडा वापरण्याची रीत आहे. तेव्हा व्यसनाची भीती मनातून काढा.

भीती धरायचीच तर गोडव्याची धरा. तंबाखूच्या सुगंधांचे ढोबळ दोन प्रकार दुकानात भेटतात. एकात व्हॅनिला आणि मसाले भरपूर. 2007 मध्ये आलेला टॉम फोर्डचा ‘टोबॅको व्हॅनिल’ हा त्याचा प्रसिद्ध नमुना, आणि त्याच्या स्वस्त नकला बाजारात ढिगाने आहेत. दुसऱ्यात तंबाखू नावापुरती, भर कोरड्या लाकडावर आणि मुळांवर. एर्मेसचा 2006 मधला ‘तेर दर्मेस’ तंबाखूचा नाही, पण संत्रे, देवदार आणि वाळा यांची कोरडी जोडणी कशी असते हे कळण्यासाठी तो एकदा हुंगून ठेवण्यासारखा आहे. माझे मत स्पष्ट आहे: कलबुर्गीत मार्च ते जून या काळात पहिल्या प्रकाराच्या वाटेला जाऊ नका.

पारखण्याची रीत

दुकानदाराला घाई असते, तुम्हाला असू नये. पुढचा क्रम पाळलात तर फसण्याची शक्यता बरीच कमी होते.

- सकाळी किंवा संध्याकाळी पाचनंतर जा. त्या दिवशी अंगाला दुसरा कोणताही सुगंध लावू नका. पान किंवा जर्दा तोंडात असेल तर पारख पुढच्या दिवशी.
- आधी कागदी पट्टीवर हुंगून चाळणी करा. त्यातून जास्तीत जास्त दोनच त्वचेवर घ्या, एक डाव्या हाताला, एक उजव्या. मनगट मनगटावर चोळू नका.
- वेळ लिहून ठेवा आणि दुकानाबाहेर पडा. 15 मिनिटांनी, तासाने आणि चार तासांनी हुंगा. यांपैकी एक वेळ तरी उन्हात किंवा पंख्याखाली जाऊ द्या.
- कपड्यावरही एक फवारा घ्या आणि सकाळी उठल्यावर हुंगा. लाकडाचा दर्जा तिथे कळतो: करकरीत, टोचणारा, रसायनासारखा वास उरला असेल तर ती बाटली सोडा.
- घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी विचारा, आणि ‘छान आहे का’ असे न विचारता ‘कशासारखा येतोय’ असे विचारा.

शेवटची सूचना अनेकांना अनावश्यक वाटते, पण तीच सर्वात कामाची आहे. आजच्या लाकडी सुगंधांत आयसो ई सुपर आणि तशीच काही कृत्रिम द्रव्ये मोठ्या प्रमाणात असतात. ती काही नाकांना जवळपास कळतच नाहीत, काहींना कळतात आणि मधेच नाहीशी होतात. ‘टिकत नाही’ म्हणून तुम्ही आणखी चार फवारे मारता, आणि शेजारच्या खुर्चीवरचा माणूस रुमाल नाकाला लावतो. दोन वासांच्या मधे कॉफीच्या बिया हुंगायला देण्याची दुकानांतली पद्धतही फारशी कामाची नाही. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कॉफी, लिंबाची फोड आणि नुसती हवा यांत काही फरक आढळला नव्हता. दोन मिनिटे बाहेर मोकळ्या हवेत उभे राहा, तेवढे पुरे.

पूर्ण बाटली महाग असेल तर आधी दोन-पाच मिलिलिटरची छोटी कुपी घ्या आणि ती आठवडाभर वापरा. मूळ बाटलीतून काढून विकल्या जाणाऱ्या अशा कुप्यांत भेसळ सोपी असते, म्हणून त्या ओळखीच्या दुकानातूनच घ्याव्यात.

अत्तर घ्यावे की स्प्रे?

कलबुर्गीत ख्वाजा बंदे नवाज दर्ग्याच्या परिसरात अत्तराची दुकाने आहेत, देवल गाणगापुरात अष्टगंधाशेजारी अत्तराच्या कुप्या मांडलेल्या असतात, आणि हैदराबादला जाणाऱ्यांची चारमिनारकडे एक फेरी होतेच. ज्या शहरात उरुसाला संदलची मिरवणूक निघते तिथे चंदनाची ओळख करून देण्याची गरज नाही. तरीही फसवणूक सर्वात जास्त चंदनाच्याच नावाने होते.

हिशेब साधा आहे. म्हैसूर संस्थानात 1916 मध्ये चंदनतेलाचा कारखाना निघाला तेव्हापासून या तेलाची ख्याती आहे, पण झाडे घटत गेली आणि आज शुद्ध चंदनतेल किलोला लाखाच्या वर जाते. म्हणजे दहा मिलिलिटर तेलाची नुसती कच्च्या मालाची किंमतच हजार रुपयांच्या आसपास किंवा त्याहून अधिक. मग दीडशे रुपयांच्या कुपीवर ‘शुद्ध संदल’ लिहिलेले असेल तर ते काय आहे हे तुम्हीच ठरवा. त्यात बहुधा कृत्रिम चंदनगंध आणि डायइथाइल फ्थॅलेटसारखे वासहीन द्रावक असते. कृत्रिम म्हणजे वाईट असे मात्र नव्हे. चांगल्या कृत्रिम चंदनाचा वास सुखद असतो आणि झाडही वाचते. वाईट आहे ते खोटे नाव आणि त्या नावाची किंमत. खरे चंदन कुपी उघडताच अंगावर येत नाही. मऊ, दुधट, हळू उलगडणारा वास असतो. पहिल्याच हुंगण्यात दणका देणारे ‘संदल’ संशयास्पद समजा.

लिंबू-लाकूड-तंबाखूच्या मेळासाठी अत्तरापेक्षा स्प्रे बरा, असे मी म्हणेन. अल्कोहोल उडताना लिंबाला वर आणते. तेलात ते दबून राहते. उलट नुसता लाकडी वास हवा असेल तर अत्तराचे एक बोट पुरते आणि ते अंगाजवळच राहते. अनेकांना ठाऊक नसलेला तिसरा मार्गही आहे: वाळ्याचे अत्तर थोडेसे लावून वर लिंबूवर्गीय कोलोनचा एक फवारा. वाळ्यात लाकूड आणि माती दोन्ही असतात आणि उन्हातही तो चिकट होत नाही. दारे-खिडक्यांना वाळ्याचे ओले पडदे लावणाऱ्या मुलखाला हे निराळे सांगायला नको.

कुपी घेताना माप मिलिलिटरमध्येच विचारा. अत्तराच्या बाजारात अजून ‘तोळा’ चालतो. तोळा म्हणजे 11.66 ग्रॅम, पण हातात येते ती कुपी कधी 12 मिलिलिटरची तर कधी 10 चीच. तोळा हे विक्रीसाठी कायद्याने मान्य असलेले माप नाही.

ऋतू बघून लावा

ऋतूप्रमाणे सुगंध बदलण्याची कल्पना परदेशी मासिकांतून आलेली नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्याची राजधानी कल्याणी म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातले बसवकल्याण. या ग्रंथात राजाच्या उपभोगांत अंगाला लावायच्या उटीचा, धूपाचा आणि तांबूलाचा स्वतंत्र विचार आहे, आणि उटी ऋतूबरोबर बदलते. याच हवेत राहणाऱ्यांनी हे लिहून ठेवलेले असताना आपण बारा महिने एकच बाटली वापरतो आणि तिला दोष देतो.

व्यवहारात असे करता येईल. उन्हाळ्यात दिवसा लिंबू-वाळा किंवा नुसते कोलोन. ते दोन तासांत संपते, तर छोटी बाटली पिशवीत ठेवून दुपारी पुन्हा लावा. ‘म्हणजे ते टिकत नाही, पैसे वाया’ असे कोणी म्हणेल. पण 40 अंशांच्या उन्हात, भरलेल्या बसमध्ये दहा तास टिकणारा वास हा सहप्रवाशांच्या माथी मारलेला वास असतो. टिकाऊपणा हा गुण आहे, पण तो थंड हवेत. पावसाळ्यात दमट हवेत गोड तंबाखू कुबट वाटू शकते, तेव्हा कोरडे देवदार बरे. नोव्हेंबर ते जानेवारी हा तंबाखूचा काळ. रात्री गारवा असतो, लग्नसराई असते, आणि हाच सुगंध तेव्हा खरोखर देखणा वाटतो. वर्षभरासाठी एकच बाटली परवडत असेल तर लाकूड आणि वाळा अधिक, तंबाखू कमी अशी घ्या.

किती आणि कुठे

दिवसा दोन फवारे, संध्याकाळी फार तर तीन. दवाखाना, वर्ग, मुलाखत, दम्याचा रुग्ण असलेले घर: इथे एक किंवा शून्य. कोरड्या त्वचेवर सुगंध लवकर उडतो, म्हणून आंघोळीनंतर वास नसलेले तेल किंवा क्रीम लावून मग फवारा मारला तर फरक पडतो.

लिंबूवर्गीय सुगंधांबाबत एक धोका खरा आहे. दाबून काढलेल्या बर्गमोट आणि लिंबाच्या तेलात असे घटक असतात, जे त्वचेवर असताना ऊन पडले तर तिथे तपकिरी डाग पडू शकतात, चट्टा उठू शकतो. मोठ्या कंपन्या त्यांचे प्रमाण मर्यादेत ठेवतात; बिनलेबल कुपीची खात्री नाही. उन्हात जाताना मानेवर, गळ्यावर लावू नका, कपड्याखाली झाकल्या जाणाऱ्या जागी लावा. नवीन काहीही असेल तर कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक दिवस वाट बघा.

कपड्यांवर लावताना रंग बघा. व्हॅनिला आणि तंबाखूचे सुगंध बहुधा तपकिरी असतात. पांढऱ्या सदऱ्यावर डाग राहतो. इरकली किंवा पैठणीवर अत्तराचा तेलकट ठिपका निघता निघत नाही, मोत्यांची चमक स्प्रेने जाते. साडीला आतल्या बाजूने, हातभर अंतरावरून फवारा मारा, अत्तर साडीला नकोच. आणि लावल्या लावल्या गॅसजवळ किंवा निरांजनाजवळ जाऊ नका, स्प्रेमधले अल्कोहोल पेट घेते.

बाटली खिडकीत, गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा पत्र्याखालच्या खोलीत ठेवू नका. घरातले सर्वात गार, अंधारे कपाट आणि मूळ खोका एवढे पुरेसे आहे. उष्णतेने आधी लिंबू बिघडते, त्याला वार्निशसारखा वास येतो. पहिला मिनिटभर असा वास येऊन पुढे लाकूड ठीक असेल तर बाटली फेकण्याची गरज नाही. महागडा सुगंध मे महिन्यात कुरिअरने मागवणे टाळलेले बरे.

बिल, लेबल आणि तुमचे हक्क

वासाची आवड-नावड हा तक्रारीचा विषय होत नाही. आवडले नाही म्हणून परत घ्यायला दुकानदार बांधील नाही. बनावट, गळकी, बिघडलेली किंवा मापात कमी बाटली हा मात्र दोष आहे. म्हणून घेतानाच हे तपासा:

- पाकिटावर उत्पादकाचे नाव-पत्ता, निव्वळ माप, सर्व करांसह कमाल किंमत, उत्पादनाचा महिना-वर्ष आणि ग्राहक तक्रारीसाठी संपर्क असलाच पाहिजे.
- सुगंध कायद्याने सौंदर्यप्रसाधनात मोडतो. देशी मालावर उत्पादन परवाना क्रमांक आणि बॅच क्रमांक बघा. आयात मालावर आयातदाराचे नाव-पत्ता, मूळ देश आणि नोंदणी क्रमांक. नामांकित परदेशी बाटलीवर आयातदाराची चिठ्ठीच नसेल तर ती स्वस्त का आहे ते कळते.
- सुटे अत्तर घेतले तर बिलावर अत्तराचे नाव आणि मिलिलिटर लिहून घ्या. ‘शुद्ध चंदन’ असे सांगून विकले असेल तर तेच शब्द बिलावर मागा. लिहायला नकार मिळाला तर उत्तर मिळाले.
- ऑनलाइन मागवल्यास पाकीट उघडतानाचे चित्रण करा. विक्री-संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण देणे 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार बंधनकारक आहे.

2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर 30 दिवसांत, परत घेऊन पैसे द्यायला नकार देणे हीसुद्धा तशीच. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी दोषाच्या बाबतीत चालत नाही. बाटली हैदराबादहून, मुंबईहून किंवा संकेतस्थळावरून घेतलेली असली तरी तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते. कारण घडल्यापासून मुदत दोन वर्षांची आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी फी लागत नाही. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीवर फोन करा. ती 17 भाषांत चालते, आणि मराठी व कन्नड दोन्ही त्यात आहेत.